काखेतलं पिस्तूल

"शेठ, मला यंदा मरायचंय. पन नीट मरायचंय."

दिवाळी नुकतीच सरली होती. मी दुकानात बसून रावणाच्या एका डोक्याला नवी मिशी चिकटवत होतो. पायरीवर चपला काढून पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला एक माणूस आत आला आणि टेकायच्या आधीच हे बोलून मोकळा झाला. दुसऱ्या कुणाची बोबडी वळली असती. मी हाताचा डिंक फडक्याला पुसला आणि विचारलं, "कोणत्या अंकात?"

"तिसऱ्या."

"तलवार की गोळी?"

"गोळी. पन आवाज झाला पायजे. गेल्या साली झाला न्हाई, शेठ. लई वाटोळं झालं माझं."

तर आधी धंदा सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सुपाऱ्या घ्यायचो. नगरला बाजारपेठेत माझं ड्रेपरीचं दुकान होतं. ड्रेपरी म्हणजे नाटकाचं सामान भाड्यानं देणं. राजाचा अंगरखा, इन्स्पेक्टरची टोपी, विधवेचं लुगडं, दाढ्या, मिशा, मुकुट, गदा, सगळं एका छपराखाली. शाळांची गॅदरिंगं आणि जत्रेतली हौशी नाटकं ही माझी गिऱ्हाइकं. दोन्ही येणार ऐन हिवाळ्यात. म्हणजे उन्हाळ्यात मी माशा मारायचो आणि हिवाळ्यात माणसं.

आलेल्या गृहस्थांचं नाव रामनाथअण्णा. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की डॉक्टर खालीच अडकायचे आणि वरच्या वाड्यांना अण्णा हाच डॉक्टर असायचा. हे मला नंतर गावकऱ्यांकडून कळलं. अण्णांनी स्वतःची ओळख करून दिली ती अशी, "मी आमच्या गावचा खलनायक."

दरवर्षी जत्रेला नाटक आणि दरवर्षी शेवटच्या अंकात अण्णांनी मरायचं, हा गावचा रिवाज होता. मरायचेही काय! छातीवर हात, दोन गिरक्या, खांबाला धरून एक वाक्य आणि मग धाडदिशी. लोक म्हणे जेवणं उरकून खास अण्णांचं मरण बघायला यायचे. पण गेल्या वर्षी गावच्याच टिकल्यांच्या पिस्तुलानं घात केला. टिकल्यांना दव लागलं. इन्स्पेक्टरनं घोडा ओढला, 'टिक'. अण्णांनी सवयीनं छातीवर हात नेला, तो परत खाली घेतला. पुन्हा 'टिक'. पुन्हा हात वर, हात खाली. तिसऱ्या टिकला प्रेक्षकांतून आवाज आला, "अण्णा, जावा आता घरी जाऊन मरा!" सगळं पटांगण फुटलं. शेवटी अण्णा आपले आपणच खाली बसले, शर्ट नीट केला आणि आडवे झाले.

"तवापासून माझं नाव टिकअण्णा," ते म्हणाले. "पोरं रस्त्यात छातीला हात लावून पडत्यात. इंजेक्शन घ्यायला आलेली म्हातारी बी इचारती, अण्णा, सुई टोचल ना, का नुसतीच टिक? वीस वर्षं सुया टोचल्या, शेठ, त्या कुनाच्या ध्यानात न्हाईत. यंदा जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर बदली मागून घेतो. पार तिकडं पाथर्डीला धाडा म्हनतो, पन हितं ऱ्हात न्हाई."

हसू येत होतं, पण माणूस हसण्यावारी न्यायच्या मनःस्थितीत नव्हता. मी उठलो, आतलं कपाट उघडलं आणि फडक्यात गुंडाळलेलं माझं जपानी पिस्तूल त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

हे पिस्तूल म्हणजे माझ्या दुकानाचा कोहिनूर. नगरमधल्या एका आजींचा मुलगा बोटीवर नोकरीला होता, त्यानं जपानहून आणलेलं ते खेळणं. पण खेळणं म्हणावं असं काही नव्हतं त्यात. हुबेहूब खरं. आजींना ते घरात नको होतं. नातीला दरवर्षी झाशीची राणी फुकट करायची, या बोलीवर ते माझ्याकडे आलं. ती नात पुढे कॉलेजात गेली तरी झाशीची राणीच होत राहिली.

या पिस्तुलात दारू नाही, टिकली नाही. ते गॅसवर चालतं. मुठीत खालून एक डबी सरकवायची, तिला मॅगझिन म्हणतात. त्या डबीच्या पोटात गॅस भरायचा, सिगारेटच्या लायटरमध्ये भरतात तोच. घोडा ओढला की थोडासा गॅस सुटतो, 'फट्ट' असा आवाज होतो आणि पिस्तुलाची वरची पाठ सटकन मागं जाऊन पुढं येते. ज्वारीच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकच्या गोळ्याही त्यातून उडतात, पण त्या मी कधी भरल्या नाहीत. आमच्या हौशी नटांचा नेम भलत्याच ठिकाणी लागायचा. लोकांना गोळी नकोच होती, त्यांना ती पाठ मागं जाताना बघायची होती. पुढच्या रांगेतले लोक 'आयला!' म्हणायचे आणि माझं भाडं तिथंच वसूल व्हायचं.

गॅसचे डबे मी शिर्डीहून आणायचो. प्रसादाच्या आणि फुलांच्या दुकानांमागं एकाकडे फॉरेनची लायटरं आणि गॅस मिळायचा. महिन्यातून एकदा मी शिर्डीला जातो हे बघून बायकोला वाटलं मी भक्तीला लागलो. तिनं माझ्यासाठी गुरुवारी खिचडी करायला सुरुवात केली. मी ती खाल्ली. दर्शनही घ्यायचो, नाही असं नाही. पण पहिल्यांदा गॅस आणि मग बाबा, हा क्रम होता.

आता या यंत्राची खोड अशी की त्याला थंडी सोसत नाही. हे मला कळलं मिरजगावात. जानेवारीतलं शाळेचं गॅदरिंग, तेही सकाळच्या पारी उघड्यावर, कारण प्रमुख पाहुण्यांना नंतर लग्नाला जायचं होतं. नाटकाचा हिरो दहावीतला. त्याला मी एकदाच घोडा ओढायला सांगितला होता. हिरो कसला ऐकतोय! त्यानं धडाधड चार वेळा ओढला. पहिल्यांदा 'फट्ट', दुसऱ्यांदा 'फट', तिसऱ्यांदा 'फुस', आणि चौथ्यांदा पिस्तुलाची पाठ अर्ध्यात जाऊन तिथंच अडकली. मी धावत जाऊन मॅगझिन काढलं तर ते बर्फासारखं गार आणि वरून दवानं ओलं. पाहुणे म्हणून आलेले रिटायर फौजदार म्हणाले, "राहू द्या हो. आमची खरी असून असंच करायची."

मग मी डोकं चालवलं. डबीतला गॅस आत पातळ असतो, पाण्यासारखा. त्याची वाफ झाली तर जोर. वाफ व्हायला ऊब लागते. बाहेर गारठा असला की गॅस आळशी होतो, आणि प्रत्येक बाराला डबी आपली आपणच आणखी गार होते. म्हणजे सकाळी अंथरुणातून उठायला कुरकुरणाऱ्या माणसासारखं आहे हे. त्याला हाणून उपयोग नाही, ऊब द्यायची आणि थोडा दम काढायचा. दोन मॅगझिनं होती. एक चालतंय तोवर दुसरं काखेत. दोन बारांमध्ये एखादं लांबलचक वाक्य टाकायचं. नाटककारांनी लिहिलेलं नसलं तर मी लिहून द्यायचो. माझी कितीतरी देशभक्तीपर वाक्यं केवळ गॅस गरम व्हावा म्हणून या जिल्ह्यात गाजलेली आहेत.

प्रवासात मॅगझिनं उबदार ठेवायला बाजरीच्या गरम भाकरीसारखं दुसरं साधन नाही. दोन भाकरी, मध्ये मॅगझिन, वरून जाड फडकं. बायको म्हणायची, "नवऱ्याला शिळी घालते तरी चालतंय, पण बंदुकीला ताजी पाहिजे!" एक मात्र कधी करायचं नाही, ते म्हणजे विस्तवाजवळ नेणं. लायटरचा गॅस आहे तो, बाबांचा अंगारा नव्हे. डबी फुटली तर नाटकात नसलेली माणसंही मरतील. आणि तेल? आतल्या रबरासाठी जपानी तेलाची एक करंगळीएवढी बाटली सोबत आली होती. ती मी अत्तरासारखी वापरायचो, थेंब थेंब. दुसरं कुठलं तेल त्याला चालत नाही.

हे सगळं अण्णांना मी सांगितलं. ते डॉक्टरांचं ऐकावं तसं ऐकत होते.

"म्हंजी एक डोस, मग गॅप. इस्तवापासून लांब. आन बाहेरचं तेल वर्ज्य," ते म्हणाले.

"बरोबर. आणि अण्णा, मी स्वतः येतो."

एरवी मी सामानासोबत कुठं जात नसे. पण हा माणूस पाथर्डीला जायला निघालेला, आणि माझ्या कोहिनुरावर त्याची अब्रू टांगलेली. सामान पाठवून देऊन दुकानात मिशा चिकटवत बसणं मला जमलं नसतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी मी एसटीनं राजूरला उतरलो आणि पुढं जीपच्या टपाजवळ उभा राहून वर गेलो. छातीशी भाकऱ्यांचं गाठोडं. तिथली थंडी नगरच्या माणसाला ठाऊक नाही. ऊन असतानाच कान बधिर झाले. अण्णांच्या घरी सुमनवैनींनी पुढ्यात चहा ठेवला आणि अण्णा बाहेर गेलेले बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, तेवढं जमवा बरं का. ह्ये आता बाजाराला बी मागच्या आळीनं जात्यात. रातीचं झोपेत छातीवर हात नेत्यात."

"वैनी, काळजी करू नका. पिस्तूल झकास आहे."

"मला काय लागलं तर सांगा. मी करीन."

हे वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

नाटकाचं नाव सांगून उपयोग नाही. गावोगाव नाव बदलून तेच व्हायचं. यात अण्णा होते जग्गूशेठ नावाचे स्मगलर. काळा गॉगल, पांढरे बूट आणि माझ्याच दुकानातला झुळझुळीत शर्ट. सह्याद्रीच्या कुशीत हा कसलं स्मगलिंग करत होता ते लेखकालाच ठाऊक. इन्स्पेक्टर होता किसन, दूध डेअरीचा सेक्रेटरी. अंगानं धिप्पाड, पण हात थरथरणारा. संध्याकाळी तालीम घेतली, तेव्हा पिस्तूल एकदम खणखणीत वाजलं. किसन दचकून मागं सरकला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "शेठ, असा आवाज झाला की मी कुठं बी मरतो."

दोन अंक झाले आणि लाईट गेली. वाट बघून बघून लोक कंटाळले. शेवटी सरपंचांनी उभं राहून जाहीर केलं की तिसरा अंक उजाडताना होईल, सगळ्यांनी घरी जाऊन झोपून यावं, आणि इन्स्पेक्टरनं जग्गूशेठला तोवर सोडून द्यावं. लोक हसत घरी गेले. स्मगलर आणि ड्रेपरीवाला एकाच घरात झोपले. मॅगझिनं मी गोधडीत पोटाशी धरली. पिस्तूल अण्णांच्या फळीवर ठेवलं.

झुंजुमुंजू झालं तशी माणसं पुन्हा जमली. डोक्यावरून घोंगड्या, जागोजागी शेकोट्या, आणि प्रत्येक तोंडातून वाफ. माईक बंद, दिवे बंद, फिकट उजेडात रंगवलेला राजवाड्याचा पडदा. थिएटर म्हणजे काय असतं ते मला त्या पहाटे कळलं असं म्हणण्याचा मोह होतोय, पण खरं सांगायचं तर माझे दात वाजत होते आणि मला लघवीला लागली होती.

किसननं फळीवरून पिस्तूल उचलून परस्पर पट्ट्यात खोचलं होतं. मी त्याला उबदार मॅगझिन दिलं, त्यानं ते खालून सरकवलं. वरच्या पाठीला हात लावून बघायचं माझ्या मनात आलं नाही. संध्याकाळी तर ठणठणीत वाजलं होतं.

प्रसंग आला. किसन गरजला, "जग्गूशेठ, तुझा खेळ खलास!" आणि त्यानं घोडा ओढला.

'फुस्स.'

पिस्तुलाची पाठ तसूभरही हलली नाही. गॅस आपला बाजूनं निघून गेला, भात शिजल्यावर झाकण किलकिलं करावं तसा. मग शेकोटीपाशी एकजण म्हणाला, "आली का टिक!" आणि इकडून तिकडून फसफसायला सुरुवात झाली. मी विंगेत दुसरं मॅगझिन घेऊन उभा. आत जाऊ शकत नव्हतो, कारण मी नाटकात नव्हतो. अण्णांचा उजवा हात छातीकडे निघाला होता, तो अर्ध्यात थांबला.

आता हा खाली बसणार, शर्ट नीट करणार आणि आडवा होणार, असं मला वाटलं. गावालाही तसंच वाटलं.

अण्णांनी गॉगल काढून खिशात घातला. ते सरळ किसनकडे गेले आणि हात पुढं केला. "इन्स्पेक्टरसाहेब, आना इकडं." किसननं निमूट पिस्तूल दिलं. जगात कुठल्याच इन्स्पेक्टरनं स्मगलरला स्वतःचं पिस्तूल दिलं नसेल, पण किसनची मती गुंग झाली होती. अण्णांनी पाठीवर बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. आणि त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं, जिथं वैनी डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मला विंगेतून त्या बोटावरचा पांढरा थर दिसला. खोबरेल! रात्रभरात गोठून खडा झालेलं खोबरेल. पिस्तुलाची पाठ त्यात मेणानं चिकटवल्यासारखी बसली होती. त्या घरात खोबरेल लावणारं एकच डोकं होतं. माझ्या तोंडून एक शिवी निघाली, ती इथं छापता येणार नाही.

अण्णा मात्र वैनींकडे क्षणभर बघून वळले, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि पिस्तूल स्वतःच्या काखेत धरलं. हात दाबून धरला आणि गावाला सांगितलं, "थांबा. हिला ताप हाय का बघतो."

हशा उसळला. पण हा हशा निराळा होता. त्या पटांगणातला एकूणएक माणूस कधी ना कधी अण्णांसमोर असाच काख दाबून बसला होता.

"किती आला, अण्णा?" कुणीतरी ओरडलं.

"बोलू नको. थर्मामीटर पडंल."

एक म्हातारा उठून उभा राहिला. "अरं, शेकोटीत धर की तिला! लगीच गरम व्हईल!"

"शेकोटीत धरली तर फुटंल, तात्या. मंग तुमच्या बुडाला टाकं कुनी घालायचं? मला टाइम न्हाई, मी हितं मरायला आलोय!"

बायकासुद्धा पदरात तोंड घालून हसत होत्या. तेल वितळायला वेळ लागतो हे अण्णांना कळलेलं होतं, म्हणून ते बोलत राहिले. पिस्तूल या काखेतून त्या काखेत. जग्गूशेठ इन्स्पेक्टरला दम देतोय, तब्येत विचारतोय, डेअरीच्या दुधात पाणी किती घालतोस ते विचारतोय. किसनला त्याच्या आयुष्यात एवढं लाजताना कुणी बघितलं नसेल. आणि मग, लोक हसून हसून दमले तेव्हा, अण्णांचा आवाज खाली आला.

"साहेब, मी चोर हाय, लबाड हाय, मला मारा. पन मानसाला असं ताटकळत ठिवू नये. मागल्या साली मारायला निघालात, ते ऱ्हायलंच. वरीसभर मरतोय मी. रोज थोडं थोडं, जो भेटंल त्याच्या हातानं. आज एकदाच मारा, आन मोकळं करा."

हे वाक्य माझं नव्हतं आणि लेखकाचंही नव्हतं. शेकोट्यांतलं लाकूड तडतडलं ते ऐकू आलं. मघाशी टिक म्हणणारा खाली बघत होता.

अण्णांनी पिस्तूल बाहेर काढलं. शर्टाच्या बगलेत तेलाचा हा एवढा डाग पडला होता. पाठ एकदा मागं ओढून सोडली, ती गुळगुळीत सरकली. ते विंगेशी आले, माझ्याकडे न बघता हात मागं केला. मी पोटाशी धरलेलं दुसरं मॅगझिन त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते बसवलं, पिस्तूल किसनच्या हातात दिलं, चार पावलं मागं गेले आणि गॉगल परत डोळ्यांवर चढवला.

"आता चालवा."

'फट्ट!'

माईक नव्हता तरी समोरच्या डोंगरावरून तो आवाज परत आला. झाडावरचे कावळे उठले. अण्णांनी गिरकी घेतली नाही, खांबही धरला नाही. नुसते गुडघ्यांवर आले आणि बाजूला कलंडले, आणि कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

अजून नायिकेचं एक रडणं आणि एक गाणं बाकी होतं. नायिका नगरहून आणलेली, ती घेतलेले पैसे पुरेपूर फेडणारी बाई, एक कडवंही गाळेना. अण्णा थंडगार फळ्यांवर त्या झुळझुळीत शर्टात पडलेले. मी बघतोय, तर नायिकेच्या तोंडातून वाफ, किसनच्या नाकातून वाफ, पेटीवाल्याच्या तोंडातून वाफ, आणि अण्णांच्या तोंडापाशी काहीच नाही. जराशीसुद्धा नाही. मनात म्हटलं, मेला की काय हा माणूस! खरंच मेला! नीट मरायचंय म्हणाला होता आणि मी येडपट त्याला अंक विचारत बसलो!

पडदा पडला तसा मी धावलो आणि त्यांना हलवलं. "अण्णा! अहो अण्णा!"

त्यांनी तोंड दंडात खुपसलं होतं. वाफ सगळी बाहीत. एक डोळा उघडून त्यांनी हळूच विचारलं, "पडला का पडदा?"

"पडला."

"कुनी हसलं?"

"कुणी नाही."

मग अण्णा तिथंच पडल्या पडल्या मोठ्यानं रडले. मीही रडलो. सांगायला लाज कसली.

घरी आलो तेव्हा ऊन अंगणात पोचलं होतं. दारात पन्नासएक माणसं, अण्णांचा हात हातात घ्यायला. मघाचे तात्या म्हणाले, "अण्णा, पुढल्या साली बी असंच ताप बघून मरा!" टिक हा शब्द कुणी काढला नाही. बदलीचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि नंतर कधीच निघाला नाही. रिटायर होईपर्यंत अण्णा त्याच दवाखान्यात होते, आणि दरवर्षी जत्रेला गावानं त्यांना काखेत पिस्तूल धरायला लावलं, मग नाटक पौराणिक का असेना.

आता माझं दुकान नाही. जत्रेत डीजे आले, गॅदरिंगला पोरं सिनेमाच्या गाण्यांवर नाचायला लागली, आणि माझ्या रावणाची डोकी एकेक करून उंदरांनी नेली. पिस्तुलाचं रबरही वाळलं. त्याची मला चुटपुट लागते, पण सांगायचं राहिलं आहे ते वेगळंच.

माणसं पांगल्यावर मी पिस्तूल पुसत ओट्यावर बसलो होतो. अण्णा शेजारी, खांद्यावर घोंगडी घेऊन. मला वैनींना चार शब्द सुनवायचे होते. माझा कोहिनूर होता तो! वैनी चहा घेऊन आल्या. चेहरा नुसता फुललेला. कप ठेवला आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू का? रातीला दव पडाय लागलं. म्हटलं लोखंड गंजंल, मागच्यावानी व्हईल. म्हनून मीच तेल घातलं. चुलीपाशी बाटली धरून पातळ केलं आन चांगलं जिरवलं." मग थोडं थांबून, "तेलानंच चाललं ना हो ते?"

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. हे खरं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर नवं नाव तयार झालं असतं. या खेपेला वैनींना. आणि नाव पडलेल्या माणसाचं वर्ष कसं जातं, ते त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी एकाला चांगलं ठाऊक होतं.

"तेलानंच, वैनी," मी म्हणालो. "तेल नसतं तर काही खरं नव्हतं."

"मी म्हनलंच हुतं ह्यांना!" त्या म्हणाल्या.

"व्हय, म्हनली हुती," अण्णा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

निघताना वैनींनी खोबरेलाची एक भरलेली बाटली माझ्या पिशवीत घातली, माझ्या बाकीच्या बंदुकांसाठी. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहिता येतंय. ती बाटली मी कुठल्याही बंदुकीला लावली नाही. डोक्याला लावली, पुरवून पुरवून. तेव्हा डोक्यावर केस होते.